दगडू आणि चुलून

सोळाव्या शतकात अहमदनगरच्या दरबारात एक चंगीझ खान होता. मुर्तझा निजामशहाचा हा मुख्य प्रधान. १५७४ मध्ये निजामशाहीने वऱ्हाड घेतलं ते त्याच्याच कारभारात. पुढे मोगलांना वर्षानुवर्षं झुंजवणारा मलिक अंबर नगरला आला, तोही या चंगीझ खानाने विकत घेतलेला गुलाम म्हणून. अंबर हे नाव काही त्याच्या आईबापांनी ठेवलेलं नव्हतं. इथिओपियात तो चापू होता. बगदादच्या एका मालकाने त्याला एका सुगंधी द्रव्याचं नाव दिलं. आफ्रिकेतल्या मुलाचं अरबी नाव, त्याच्या धन्याचं मंगोल नाव, आणि दोघांचं नशीब सीना नदीकाठच्या एका दख्खनी गावाशी बांधलेलं! माणसं जिथे पायी पोचायला वर्षं घेतात, तिथे नावं आधीच जाऊन बसलेली असतात.

मूळचा चंगीझ खान १२२७ मध्ये वारला. 'चंगीझ' ही त्याची पदवी, तीही १२०६ ची. पाळण्यातलं नाव तेमुजिन. मंगोलांच्या तेराव्या शतकातल्या इतिहासग्रंथात या बारशाची हकिगत आहे. मूल जन्मलं त्याच सुमारास बाप येसुगेई लढाईवरून परतला होता. त्याने तातार टोळीचा तेमुजिन उगे नावाचा सरदार कैद करून आणला होता आणि त्याचंच नाव त्याने आपल्या मुलाला ठेवलं. आपण थोरामोठ्यांची, देवांची, फार तर आजोबांची नावं ठेवतो. हा बाप हरलेल्या शत्रूचं नाव, त्यातल्या जोरासकट, मुलाच्या नावावर करतो. त्या नावाच्या मुळाशी 'तेमुर' म्हणजे लोखंड आहे, असं भाषेचे अभ्यासक मानतात.

लोखंड, पोलाद, कुऱ्हाड, भक्कमपणा ही मंगोल मुलग्यांच्या नावांची नित्याची सामग्री. तोमोर म्हणजे लोखंड, बोल्ड म्हणजे पोलाद, बात म्हणजे घट्ट, न हलणारं. सुखबातार म्हणजे कुऱ्हाडवीर. त्यातला 'बातार' आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. मध्य आशियातल्या तुर्क-मंगोल टोळ्यांचा 'बगातुर' फारसीत 'बहादूर' झाला आणि तिथून मराठीत आला. श्रीगोंदा तालुक्यात पेडगावला भीमेच्या काठी बहादूरगड आहे. मोगल सुभेदार बहादूरखान कोकलताश याच्या नावाचा हा किल्ला. १६८९ मध्ये संभाजी महाराजांना कैद करून औरंगजेबापुढे उभं केलं ते इथेच, म्हणून आज तो धर्मवीरगड म्हणून ओळखला जातो. उलानबाटर या मंगोलियाच्या राजधानीच्या नावात जो 'वीर' आहे, तोच वीर तीन शतकं आपल्या भीमाकाठी उभा होता.

या दोन मुलखांचा आकार आधी डोळ्यांपुढे आणायला हवा. अहिल्यानगर, म्हणजे कालपरवापर्यंतचा अहमदनगर, हा महाराष्ट्रातला क्षेत्रफळाने सर्वांत मोठा जिल्हा. तो १७,०४८ चौरस किलोमीटर आहे. मंगोलिया त्याच्या ९० पटींहून मोठा. पण २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या ४५ लाखांच्या वर होती आणि अख्ख्या मंगोलियात आजही साधारण ३५ लाख माणसं राहतात. म्हणजे अकोल्यापासून जामखेडपर्यंत जेवढे पाळणे हलतात, तेवढे त्या सगळ्या देशात हलत नसतील. वारा, बर्फ, घोडे, मेंढ्या आणि मैलोन् मैल माणूस नाही, अशा ठिकाणी मूल जगवणं ही केवढी गोष्ट असेल! मंगोल नावं समजून घ्यायची तर इथूनच सुरुवात करावी लागते.

कारण त्या देशात तुम्हाला एखादा भला माणूस भेटतो आणि सांगतो, माझं नाव नेरगुई. नेरगुई म्हणजे 'नाव नाही'. त्याचा शेजारी एनेबिश, म्हणजे 'हा नव्हे'. त्याचा चुलता तेरबिश, 'तो नव्हे'. कुणी हुनबिश असतो, 'माणूस नव्हे'. कुणी मूनोखोई, 'वाईट कुत्रा'. ही शाळूसोबत्यांनी चिडवायला पाडलेली नावं नाहीत. जन्मदात्यांनी विचार करून ठेवलेली, सरकारी कागदावर चढलेली, माणसं आयुष्यभर मानाने वागवतात ती नावं आहेत.

ज्या घरात आधीची मुलं दगावली, त्या घरात अशी नावं येतात. समजूत अशी की मुलं नेणाऱ्या अदृश्य शक्ती गोंडस, लाडकी, घराला हवीशी मुलं हेरत फिरतात. त्या दाराशी आल्या आणि त्यांनी विचारलं, की इथे मूल आहे का? तर घर म्हणतं, हा नव्हे. याला नावही नाही. हा माणूसच नव्हे, कुत्रं आहे. मग त्या निघून जातात. मुलग्याला मुलीचा वेश घालायचा, रात्री बाहेर न्यायचं तर कपाळावर काजळीचा काळा ठिपका ओढायचा, म्हणजे ते सशाचं पिल्लू वाटेल, हेही त्याच बंदोबस्तातलं.

हे वाचताना नगरी माणसाला आपलं आजोळ आठवलं नाही तर नवल. आपल्याकडचे कचरू, केरू, केरबा, उकर्डा, भिकाजी, फकिरा, दगडू, धोंडिबा कुठून आले? अगदी तिथूनच. पोरं पाठोपाठ गेली, की पुढचं मूल जन्मल्या जन्मल्या सुपात घालून उकिरड्यावर ठेवायचं. दुसऱ्या एखाद्या बाईने, शक्यतो जिची लेकरं जगली आहेत अशा बाईने, ते 'सापडलं' म्हणून उचलायचं. मग आईने पदरातलं मूठभर धान्य देऊन ते तिच्याकडून विकत घ्यायचं. आता हे मूल त्या अभागी कुशीचं राहिलं नाही, केरात मिळालेलं आहे, त्याच्यावर सटवीचा डोळा कशाला जाईल? केरात मिळाला तो केरबा. उकिरड्यावर मिळाला तो उकर्डा. भिकेत मागून आणला तो भिकाजी. मुलाचं नाक टोचून त्यात नथ घातली, म्हणजे बघणाऱ्याला ती मुलगी वाटावी, तो नथू.

त्या आईच्या जागी क्षणभर उभं राहून बघा. नऊ महिने वाहिलेलं, दोन कोवळे जीव पुरल्यानंतर हाती आलेलं लेकरू ती स्वतःच्या हाताने उकिरड्यावर ठेवते आणि मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, म्हणते की हे माझं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात जन्मणाऱ्या दर हजार मुलांमागे सुमारे दोनशे वर्षाच्या आत जात होती. दुष्काळाच्या साली त्याहून जास्त. दवाखाना नाही, लस नाही, स्वच्छ पाणी नाही. तिच्या हातात एकच गोष्ट होती, ती म्हणजे नाव. ती तिने पणाला लावली.

या सगळ्या नावांत मला सर्वांत मोठं वाटतं ते दगडूचं. एखाद्या बारशाला गेलात तर पाळण्याकडे नीट बघा. बाळाच्या आधी तिथे वरवंटा येतो. त्याला धुऊन पुसून हळदकुंकू लावलेलं असतं, झबलं-टोपडं घातलेलं असतं. बायका तो पाळण्याच्या खालून-वरून एकमेकींच्या हाती देतात, आणि तो पाळण्यात टेकला की मग बाळाची पाळी. स्वयंपाकघरातला रोज मसाला वाटणारा, पिढ्यान् पिढ्या न झिजलेला हा दगड त्या दिवशी घरातला थोरला भाऊ असतो. याच्यासारखा टणक हो, याच्याइतका टीक, असं म्हणायला तिथे कुणाला तोंड उघडावं लागत नाही. मग आत्याबाई वाकून बाळाच्या कानात नाव सांगतात आणि त्यांच्या पाठीत धपाटे बसतात. ज्या घरात काळजी फार, त्या घरात कानात सांगायचं नावही त्या वरवंट्याचंच, दगडू.

मंगोल मुलग्यांमध्ये चुलून हे नाव आहे. चुलून म्हणजे दगड. चुलूनबातार म्हणजे दगडवीर. नगरच्या दगडूला आणि गोबीच्या वाळवंटाकडेच्या चुलूनला एकमेकांची भाषा कळणार नाही, पण दोघांच्या आयांनी एकच मागणं मागितलेलं आहे. यात कुणी कुणाची उचल केलेली नाही. मरणाच्या धाकाने दोन लांबच्या मुलखांतल्या माणसांना एकाच युक्तीपाशी आणून सोडलं. तिथेही वडीलधारे किंवा लामा नाव ठरवतात आणि ते बाळाच्या कानात सांगतात. तिथेही जावळ काढण्याचा सोहळा असतो. मुलग्याचं जावळ तिसऱ्या किंवा पाचव्या वर्षी, मुलीचं दुसऱ्या किंवा चौथ्या. आपल्याकडे काजळाची तीट, तिकडे काजळीचा ठिपका.

काही नावांत मात्र खरीखुरी उचल आहे, आणि ती आपल्याकडची आहे. बौद्ध धर्माबरोबर संस्कृत शब्द उइगुर, तिबेटी असे मुक्काम करत गवताळ प्रदेशात पोचले. तिथलं ओचिर म्हणजे आपलं वज्र. बदम म्हणजे पद्म. एर्देने म्हणजे रत्न. बात-एर्देने, 'अभंग रत्न', हे आज तिथल्या पुरुषांच्या अगदी नेहमीच्या नावांपैकी एक आहे. आपल्या गल्लीतला रतन आणि हा बात-एर्देने एकाच शब्दाची लेकरं. वारावरूनही नावं पडतात. सोमवारचा दावा, बुधवारचा ल्हागवा, शनिवारचा ब्याम्बा. हे शब्द तिबेटी आहेत, पण वारांना ग्रह जोडण्याची रीत तीच, आणि आपल्या सह्याद्रीतल्या आदिवासी वाड्यांवर सोम्या, मंगळ्या, बुध्या, शुक्र्या ही नावं अशीच पडत आली.

एका मंगोल नावाशी मी फार वेळ थांबलो होतो. कम्युनिस्ट राजवटीने १९२० च्या दशकात तिथली कुळनावं बंद केली. माणूस फक्त स्वतःच्या आणि बापाच्या नावाने ओळखला जाऊ लागला. सत्तर वर्षांनी पुन्हा कुळनाव लावायची वेळ आली, तेव्हा कित्येकांना आपलं कूळच आठवेना. अनेकांनी थेट चंगीझ खानाचं बोर्जिगिन हे कूळ घेतलं. पण १९८१ मध्ये अंतराळात गेलेला पहिला मंगोल, गुर्रागचा, याने कुळनाव निवडलं 'सान्सार'. मंगोल भाषेत त्याचा अर्थ अवकाश, ब्रह्मांड. शब्द आपलाच, संसार. आपण ज्याला चूल, भांडीकुंडी, मुलंबाळं म्हणतो, तो शब्द तिकडे ताऱ्यांपर्यंत गेला आणि एका माणसाचं घराणं झाला.

नाव लपवण्याची दुसरीही एक तऱ्हा दोन्हीकडे आहे. मंगोल सुनेने सासऱ्याचं, थोरल्या दिराचं नाव उच्चारायचं नाही, इतकंच काय, त्या नावासारखा ऐकू येणारा रोजचा शब्दही टाळायचा, त्याच्या जागी दुसरा वापरायचा. कॅरोलिन हम्फ्री या केंब्रिजच्या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी त्यावर बारकाईने लिहिलं आहे. आपल्याकडची सून तरी काय वेगळं करायची? सासऱ्याचं नाव सोनबा असेल तर सोन्याला 'पिवळं' म्हणायची वेळ. नवऱ्याचं नाव घ्यायचं तर उखाण्याच्या आडून. आणि नातवाला आजोबांचं नाव ठेवलं की पंचाईत, कारण पोराला हाक मारायची कशी? मग तो बापू होतो, आबा होतो, अण्णा होतो, बाळ होतो.

नगर जिल्ह्याने या हाकेच्या नावांना 'साहेब' जोडून त्यांचं वैभवच उभं केलं. बाळासाहेब विखे पाटलांचं नाव एकनाथ, बाळासाहेब थोरातांचं विजय, रावसाहेब पटवर्धनांचं पुरुषोत्तम. भाऊसाहेब, आण्णासाहेब, बाबासाहेब, दादासाहेब यांच्याशिवाय आमच्याकडे साखर कारखान्याची निवडणूक होत नाही. पाळण्यातलं नाव कागदावर झाकलेलं राहतं आणि घरातली हाक जिल्ह्याची होते.

नवसाची नावं तर इथे मुबलक. मढीच्या कानिफनाथांमुळे कानिफ, आणि त्यांच्यामागोमाग मच्छिंद्र, गोरख, गहिनीनाथ, नवनाथ. नेवाशाच्या देवामुळे मोहिनीराज. पण नगरच्या नवसाचं सर्वांत मोठं नाव अर्थातच शहाजी. मालोजी भोसले आणि उमाबाईंना मूल नव्हतं. त्यांनी नगरच्या शाह शरीफ पिराला नवस केला. दोन मुलगे झाले. त्यांनी पिराचं नाव दोघांत वाटलं, थोरला शहाजी, धाकटा शरीफजी. शिवरायांच्या काळातल्या 'शिवभारत'मध्ये ही हकिगत आलेली आहे. शरीफजी १६२४ मध्ये नगरजवळच भातवडीच्या रणात पडले. त्याच लढाईत मलिक अंबरने मोगल आणि आदिलशाही यांच्या एकत्र फौजांचा पराभव केला आणि शहाजीराजे त्याच्या बाजूने लढत होते. पिराजी, फकिरा ही नावं हिंदू घरांत इतकी सहज का रुळली, याचं उत्तर नगरच्या त्या दर्ग्यात मिळतं. मालोजींना त्यात काही वावगं दिसलं नाही. मूल हवं होतं, ते मिळालं, ज्याच्याकडे मागितलं त्याचं नाव ठेवलं.

इथवर आलो की दगडूकडे पुन्हा वळायलाच हवं, कारण त्याची एक बाजू मी अजून सांगितलेली नाही. अकोले तालुक्यातल्या धामणगावचे दया पवार. १९७८ मध्ये त्यांचं 'बलुतं' आलं आणि मराठी साहित्य हादरलं. त्या पुस्तकात बोलतो तो दगडू मारुती पवार, आणि ऐकतो तो दया पवार. दोघं एकच. महारवाड्यात जन्मलेल्या मुलाला मिळालेलं दगडू आणि शिकून सवरून शहरात वावरणाऱ्या लेखकाचं दया, यांच्यामधल्या अंतरात ते सगळं पुस्तक उभं आहे.

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात कुणाचं नाव कसं असावं याचा नियम आहे. ब्राह्मणाचं मंगल, क्षत्रियाचं बलाचं, वैश्याचं धनाचं, आणि शूद्राचं किळस यावी असं. मग आईने मृत्यूला चकवण्यासाठी निवडलेला 'दगडू' आणि गावाने पायरी दाखवण्यासाठी लादलेला 'दगड्या' यांत फरक तो काय? ऐकायला काहीच नाही, पण माझ्या मते सगळाच. पाटलाच्या वाड्यावरचा दगडू मोठा झाला की दगडूजीराव होतो. वेशीबाहेरचा म्हातारा झाला तरी दगड्याच राहतो. नाव पाळण्यात कशासाठी ठेवलं हे आईला ठाऊक. ते कोणत्या सुरात हाकारलं जाईल, हे तिच्या हाती नसतं. मंगोल नेरगुईला त्याच्या नावापायी कुणी वेगळ्या पाणवठ्यावर पाठवत नाही. आपल्या मुलखात हे झालं, आणि नावांचं कौतुक सांगताना ते गिळून पुढे जाणं खोटेपणाचं होईल.

मुलींच्या वाट्याला आलेली 'नकुसा', 'नकोशी' ही नावंही या संरक्षणाच्या युक्तीत बसत नाहीत. उकर्ड्याचा अर्थ 'तू फार हवा आहेस' असा उलटा लागतो. नकुसाचा अर्थ सरळच लागतो. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा २८० हून अधिक मुलींचं समारंभाने नाव बदललं गेलं, ते उत्तम झालं.

महाराष्ट्रात हजारी बालमृत्यू २०२० च्या सरकारी नमुना नोंदणीत १६ वर आला होता. लसी आल्या, बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली, आणि दगडू-कचरूंची गरज उरली नाही. आता पाळण्यात आरव, विहान, शौर्य असतात. मला त्याचं दुःख नाही. कुठल्याही आईला आपलं बाळ उकिरड्यावर ठेवावं न लागणं यापेक्षा मोठी प्रगती कोणती? पण जी नावं गेली, ती कशासाठी होती हे सांगणारी माणसंही आता एकेक करून जात आहेत.

२०२३ पासून मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदींच्या शोधात अनेक घरांनी जुने कागद उघडले. गाव नमुना १४, म्हणजे जन्ममृत्यूचं कोतवाल बुक. शाळेचं जनरल रजिस्टर. मोडी वाचणाऱ्यांना मागणी आली. बहुतेकांची नजर जातीच्या रकान्यावर जाऊन थांबते. माझी विनंती एवढीच आहे, की तो कागद हाती असेल तर शेजारचा नावाचा रकानाही वाचा. तिथे पणजोबा कचरू, धोंडी, केरू किंवा भिका सापडले, तर त्याच वहीत मागची दोन-चार पानं उलटा. त्यांच्या आधी त्याच घरात जन्मून गेलेल्या भावंडांच्या नोंदी बहुधा तिथेच असतील. आणि घरात ऐंशी-नव्वदीचं कुणी असेल, तर या दिवाळीला त्यांना ते नाव कसं पडलं हे विचारून तारखेसकट लिहून ठेवा.